वेब्ली की कानपूर?

परवा शनिवारी सकाळी अस्मादिक नेहमीप्रमाणे दहा वाजता डोळे चोळत उठले, तर मोबाईलवर मामांचे चार मिस्ड कॉल. एवढ्या सकाळी (बरं, दहा म्हणजे गावाकडची दुपारच) चार कॉल म्हटल्यावर पोटात गोळा आला. घाईघाईने फोन लावला, तर पलीकडून एकदम खणखणीत आवाज, "उठलास का? कागद-पेन घे. एक कंपॅरिझन करायचंय."

आमच्या खानदानात मी एकटा कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यामुळे मोबाईल कुठला घ्यावा, टीव्ही किती इंची घ्यावा, डिझेल गाडी घ्यावी की पेट्रोल, ह्या सगळ्या प्रश्नांवर शेवटचा शब्द माझा असतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, टीव्हीच्या आत काय असतं मला ठाऊक नाही, हे दहा वर्षं सांगून दमलो. आता सांगणं सोडलंय. एक्सेल उघडतो, चार वेबसाईटी बघतो, निकाल देतो.

पण ह्या वेळी मामांनी विचारलं ते असं, "रिव्हॉल्वर घ्यायचंय. वेब्ली घेऊ का कानपूरचं?"

मी फोन कानापासून लांब धरून एकदा बघितला. मामाच होते.

थोडी पार्श्वभूमी. मामा कराडच्या बाजूला राहतात. ऊस आहे, आणि हायवेपासून जरा आत एक पेट्रोल पंप आहे. काही वर्षांपूर्वी पंपावरची रोकड घेऊन निघालेल्या त्यांच्या माणसाला रस्त्यात आडवून मारहाण झाली, पैसे गेले. तो बिचारा महिनाभर हात गळ्यात बांधून फिरत होता. तेव्हापासून मामांनी लायसन्सचा अर्ज टाकला होता. पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार करावं लागणारं सुरक्षा प्रशिक्षण, सगळं पार पाडून अखेर ते हातात आलं. आता त्यावर शस्त्र खरेदी करायला मुदत असते. म्हणून ही घाई.

मी त्यांना रविवारपर्यंत वेळ मागितला. नाहीतरी सांगलीला घरी जायचंच होतं, वाटेत कराडला उतरून निकाल देतो म्हटलं. आणि बसलो की एक्सेल उघडून! रिलीजच्या आदल्या दिवशीसुद्धा मी इतक्या मन लावून शीट भरलेली नाही. त्यातून जे हाती लागलं आणि जे माझं मत झालं ते इथे मांडतो. ज्यांच्या घरी हा प्रश्न कधी येणारच नाही त्यांनीही वाचावं, कारण शेवटी प्रश्न रिव्हॉल्वरचा राहिलाच नाही. (बाकी विनोदाचा भाग ह.घ्या.)

आधी बाजार समजून घेऊ. आपल्याकडे सामान्य माणसाला हँडगन मिळते ती मुख्यतः पॉईंट बत्तीस बोअरची. सैन्य-पोलीस वापरतात ते ९ मिलीमीटर वगैरे आपल्यासाठी बंद. परदेशातून आणायची सोय खासगी माणसांसाठी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली (नामवंत नेमबाजांचा अपवाद). त्यामुळे त्याच्या आधी देशात आलेली जुनी इंग्लिश-अमेरिकन रिव्हॉल्वरं आज काही लाखांत हात बदलतात. चाळीस-पन्नास वर्षं जुनी वस्तू, गॅरंटी नाही, स्पेअर पार्ट नाही, आणि किंमत चांगल्या चारचाकीची. मामांच्या एका मित्राकडे असलं एक आहे. ते दसऱ्याला पूजेला निघतं. तो पर्याय मी पहिल्याच मिनिटाला डिलीट केला.

मग उरले दोन. पहिलं कानपूरचं, सरकारी. पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचं होतं. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' ह्या कंपनीचं. दुसरं वेब्ली अँड स्कॉट. नाव बर्मिंगहॅमचं, शंभर वर्षांहून जुनं. २०२० च्या अखेरीस ते लखनौजवळच्या कंपनीशी भागीदारीत भारतात बनायला लागलं आणि पहिलं मॉडेल काढलं पॉईंट बत्तीसचं मार्क फोर. तेव्हा बातम्यांत किंमत आली होती सुमारे १.६ लाख. आता दोघांवर कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलावर जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. म्हणजे कोल्ड्रिंक, पानमसाला आणि रिव्हॉल्वर आता एकाच खान्यात. सरकारलाही कुठेतरी विनोदबुद्धी आहे.

मामांना डीलरकडून आलेल्या दोन आकड्यांत सगळं धरून सत्तरेक हजारांचा फरक होता. मामांचा प्रश्न सरळ होता. सत्तर हजार जास्त दिले तर काय जास्त मिळतं?

इथे मला खरी गंमत सापडली. वेब्लीचं मार्क फोर हे मूळ डिझाईन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेलं. नळी खाली झुकवली की मागची चक्री उघडी पडते आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलली जातात, तसलं. आणि आपलं कानपूरचं जुनं पॉईंट बत्तीस कशावरून घेतलंय? त्याच वेब्ली मार्क फोरवरून! तीच झुकणारी नळी, तीच सहा काडतुसांची चक्री, वजन दोन्हीकडे पाऊण किलोच्या आसपास. काडतूसही तेच, पॉईंट बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग, ज्याचं वय सव्वाशे वर्षांच्या पुढे आहे. ते आपल्याकडे पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं. म्हणजे शेवटी नळीतून जी गोळी निघणार ती दोन्हीकडे बहुतेक खडकीचीच.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोडबेस एकच. एकाने आधी फोर्क करून सरकारी सर्व्हरवर टाकला, दुसऱ्याने मूळ कंपनीचा लोगो लावून नवीन यूआय दिला. आणि कारखाने? एक कानपूरला, दुसरा हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला. दोन्ही उत्तर प्रदेशातच. मामांना वाटत होतं एक 'इंग्लंडचं' आणि एक 'आपलं' आहे.

आता प्रामाणिकपणे सांगतो. फिनिशिंग म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. चाप ओढताना तो खरखरत येतो की लोण्यासारखा, चक्री नीट जागेवर बसते की डुगडुगते, मूठ हातात कशी बसते, ह्याला किंमत असते. मी स्वतः महागडा फोन वापरतो. त्यातली निम्मी फीचर्स मला माहीत नाहीत, पण खिशातून काढताना बरं वाटतं. तेव्हा 'दिखाऊपणा' म्हणून मामांना हसायचा मला अधिकार नाही. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते स्वतःला कबूल करावं. सत्तर हजारांतले काही गुळगुळीत चापाचे असतील, उरलेले लग्नात कमरेला लावल्यावर चार माणसांनी "वेब्ली का?" म्हणण्याचे.

हे देशी-विलायतीचं कोडं आपल्या भागाला नवीन नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून कारखाना हलवला तो औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर. आज तेच किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्यात. परदेशी लोखंडी नांगर तेव्हाही मिळत होते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर पडून राहिले. पुढे तेच घरोघर गेले, ते काही लोगो छान होता म्हणून नाही. इथल्या मातीत ते चालले आणि मोडले तर दुरुस्त होत होते, म्हणून. माझ्या आजोबांच्या पिढीने हा धडा नांगरावर घेतलाय. आम्ही तो फोन घेताना विसरतो एवढंच.

रविवारी खंबाटकी ओलांडून कराडला पोचलो तेव्हा माझा निकाल तयार होता, कानपूरचं घ्या. मामा मात्र पूर्ण तयारीत होते. त्यांनी आधी फीचर्सचा पत्ता टाकला. "आरं, ते नवीन 'प्रबळ' आलंय. पन्नास मीटर मारतंय म्हणं!"

खरंय. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच कंपनीने 'प्रबळ' काढलं आणि पल्ला सांगितला ५० मीटर. पण तो पल्ला रिव्हॉल्वरचा, मामांचा नाही. शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात उतरते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण घेतलं, नेमबाजीत असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या २५ मीटरमागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. तोही शांत रेंजवर, समोर कागद असताना. मामांच्या समोर रात्री साडेदहाला अंधारात दोन मोटारसायकली असणार, छाती धडधडत असणार, हाताला घाम आणि एका हातात पैशांची पिशवी. आणि रिव्हॉल्वरचा चाप पहिल्या गोळीला बऱ्यापैकी जड असतो. सवय नसेल तर ओढतानाच नळी हलते. प्रशिक्षणात मामांना शस्त्र धरायचं कसं आणि ठेवायचं कसं हे शिकवलं. त्यानंतर एकही गोळी झाडलेली नाही. मामांचा पल्ला मी पाच मीटर धरतो, तेही मामी समोर नसतील तर.

म्हणून माझं पहिलं मत असं. घ्यायचंच असेल तर स्वस्तातलं घ्या, आणि वाचलेले सत्तर हजार काडतुसांवर आणि रेंजवर घाला. काडतुसं किती घेता येतात ह्याला लायसन्सवर मर्यादा असते, तीही पूर्ण वापरा. महिन्यातला एक रविवार द्या. पन्नाशीतल्या माणसाच्या हातातलं दीड लाखाचं रिव्हॉल्वर आणि शून्य सराव, ह्यापेक्षा साधं रिव्हॉल्वर आणि वर्षभराचा सराव केव्हाही जास्त कामाचा. रॅम वाढवून कोड सुधारत नाही हे मी रोज हापिसात बघतो.

मामा म्हणाले, "वर्षाचे बारा रविवार? मळा कोण बघणार?"

आता तुम्हीच सांगा, मंडळी.

मग त्यांनी इतिहास काढला. "आरं, आपला पत्री सरकारचा मुलूख. इथं हत्यार काय नवीन हाय व्हय?" हा पत्ता आमच्याकडे कुणीही कधीही टाकू शकतो, कारण तो खरा आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलची तुफान सेना, हे सगळं ह्याच मातीतलं. तेव्हा सातारा-सांगली एकच जिल्हा म्हणावा असा कारभार, सांगली जिल्हा वेगळा झाला तो १९४९ ला, दक्षिण सातारा ह्या नावाने. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका घेऊन. पाठलाग झाला, साथीदार मारले गेले, दादांना गोळी लागली. मी मामांना एवढंच म्हटलं, की त्या माणसांनी हत्यार हातात घेतलं तेव्हा ते कशासाठी आणि त्याची किंमत काय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मिळेल ते घेतलं, काम झाल्यावर खाली ठेवलं. त्यांच्या नावावर आपण पॉलिश निवडू नये.

ह्यावर मामा गप्प बसले. पण पडवीत बसलेल्या त्यांच्या एका दोस्ताने हळूच तिसरा पर्याय सुचवला. "एवढं लाखभर कशाला घालवतासा? वीस-पंचवीस हजारात कट्टा मिळतो की." पुण्यात कट्टा म्हणजे चहा प्यायची जागा. इथे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. सातारा-सांगलीच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी 'गावठी कट्टा जप्त' अशी बातमी असते. सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणून त्याची रांगसुद्धा मी एक्सेलमध्ये भरून दाखवली. खरेदी पंचवीस हजार. फुटला तर हाताची बोटं. सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगायला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. दोस्ताने चहा संपवला आणि म्हशीला पेंड आणायची आठवण झाली म्हणून निघून गेला.

इथपर्यंत मी जिंकत होतो. एक्सेल माझ्या बाजूने होतं. पण जेवताना मामींनी जे विचारलं ते माझ्या एकाही कॉलममध्ये नव्हतं.

भाकरी वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या, "घेताय ते घ्या. पण ठेवणार कुठं?"

मामा म्हणाले, कपाटात. मामींनी माझ्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे. त्या दाराआड माझा मामेभाऊ होता. तो जेवायला आला नव्हता.

तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता. दोनदा अगदी थोडक्यात गेलं. ह्या वर्षी खोली सोडून गावी परत आला. तेव्हापासून फारसं बोलत नाही, रात्री झोपत नाही. मी फोन केला की "बरंय रे" म्हणतो. मामा म्हणतात, "होईल ठीक, लाडावलाय." मामी काही म्हणत नाहीत, फक्त बघतात.

त्या दुपारी सांगलीच्या गाडीत बसल्यावर मी पुन्हा शोधायला लागलो, पण ह्या वेळी रिव्हॉल्वरचे रिव्ह्यू नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. आपण सिनेमात बघतो ते दरोडेखोर, चोर, टोळ्या, हे सगळं उरलेल्या निम्म्यात. त्यातल्या कितीजणांनी ते शस्त्र घरच्यांच्या रक्षणासाठी म्हणून आणलं असेल?

आणि ते अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गावांमध्ये बंदूक नसते, पण फवारणीच्या औषधाचा डबा असतो. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली, १९९८ ला एन्डोसल्फानवरही. पुढच्या दहाएक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. फक्त त्या एका वाईट तासात हाताशी जे होतं ते कमी घातक झालं. तो तास बहुतेकांच्या बाबतीत टळतो, निघून जातो. प्रश्न एवढाच, की तो निघून जाईपर्यंत कपाटात काय आहे.

ह्या हिशोबात वेब्ली आणि कानपूर ह्यांच्यात फरक शून्य. दोन्हीत सहाच गोळ्या. गुळगुळीत चाप तर इथे उलट तोट्याचा.

हे लिहिताना मला जरा अवघड वाटतंय. मामांची भीती खोटी नाही. त्यांच्या माणसाचा मोडलेला हात मी बघितलाय. शहरातल्या सोसायटीत, वॉचमन आणि तीन कॅमेऱ्यांच्या मागे बसून 'शस्त्र वाईट' म्हणणं सोपं आहे. रात्री साडेदहाला मळ्यातल्या रस्त्यावर मी नसतो, ते असतात. स्वसंरक्षणाचा अधिकार कायद्यानेही दिलाय, आधी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण तोच कायदा म्हणतो की गरजेपेक्षा जास्त बळ वापरायचं नाही, आणि ती गरज किती होती हे नंतर दुसरंच कुणीतरी ठरवतं, खुर्चीत बसून, सावकाश. पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली तर मामांचे पुढचे रविवार मळ्यात नाही, कोर्टात जातील. निवडणूक आली की बऱ्याचदा शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि आमच्याकडे निवडणूक कधी नसते? लग्नाच्या वरातीत कुणी भाच्याने हौसेने बार काढला तर २०१९ पासून तोही गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा सगळा हप्ता रिव्हॉल्वरच्या किमतीत कुणी सांगत नाही. आपण गाडी घेताना मायलेज विचारतो, इथे शोरूमची किंमत बघून भांडत बसतो.

२०१४ च्या जानेवारीत ह्याच कानपूरमधून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर निघालं होतं, खास महिलांसाठी म्हणून. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर. टायटॅनियमचं, अर्ध्या किलोचं, दागिन्यांसारख्या डबीत. किंमत १,२२,३६० रुपये. ज्या मुली रात्री बसने एकट्या घरी जातात त्यांच्यातल्या कितीजणींना ते परवडणार होतं? मला तेव्हाही वाटलं होतं आणि आता जास्तच वाटतं, की अशा वस्तू विकताना भीती आपली असते आणि उत्तर त्यांचं. प्रश्न आपण स्वतःला विचारायचा राहूनच जातो.

म्हणून रात्री सांगलीला पोचल्यावर मी मामांना एक्सेल पाठवलंच नाही. फोन केला. मी म्हटलं, मामा, प्रश्न जरा उलट करून बघू. तुम्हाला रिव्हॉल्वर नको आहे, रोकड सुखरूप बँकेत पोचायला हवी आहे. आता पंपावर निम्मे लोक क्यूआर कोड स्कॅन करतात. तुम्हीच मागे म्हणालात गल्ला हलका झालाय. उरलेल्या रोकडीसाठी बँकेचा माणूस दारात येऊन घेऊन जाण्याची सोय असते, तिचा दर विचारा. नसेल जमत तर रात्रीची रोकड पंपावरच तिजोरीत ठेवा आणि सकाळी उजेडात वेगवेगळ्या वेळी जा. वर्षाचा हा खर्च त्या सत्तर हजारांच्या फरकात कदाचित बसेल.

आणि मग, जरा थांबून, दुसरंही बोललो. जे समोर बसून बोलायला जीभ रेटली नव्हती. म्हटलं, तो ठीक नाहीये. लाडावलेला नाहीये. कराडला किंवा सांगलीला चांगल्या डॉक्टरांकडे नेऊ, मी रजा काढून येतो. सध्या घरात काहीच नको. लायसन्सची मुदत संपली तर संपली. कागद परत मिळतो.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग मामा म्हणाले, "तुला मामीनं सांगितलं व्हय?"

मी म्हटलं, नाही. त्यांनी फक्त कुठं ठेवणार एवढंच विचारलं.

पुन्हा शांतता. मग म्हणाले, "बघतो." आमच्याकडे 'बघतो' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. तसंच धरून मी झोपलो.

बुधवारी हापिसात मीटिंगमध्ये असताना मामांचा मेसेज. आधी वाटलं वेब्लीची पावती असेल. फोटो होता लोखंडी पेटीचा, गोठ्याच्या खोलीतली, त्यात फवारणीच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या नीट उभ्या लावलेल्या. खाली लिहिलं होतं, "रिवाल्वरचं नंतर बघू. शनिवारी येतोस का, डॉक्टरची वेळ घेतलीय. आन ह्याला कुलूप कंच्या कंपनीचं लावू? साधं शंभरचं हाय, चांगलं सातशेचं."

मी एक्सेल न उघडता उत्तर दिलं. सातशेचं घ्या.